सुईणीच्या वहीतले दोन शब्द

ग्रंथालयातल्या दुरुस्तीच्या खोलीला खिडक्या तीन, पण उघडणारी एकच. उरलेल्या दोघींना कुणीतरी कधीकाळी चौकटीसकट रंग फासला होता आणि तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या एका उघड्या खिडकीपाशी ताई चौतीस वर्षं बसत आली होती. सगळं ग्रंथालय तिला ताईच म्हणायचं, मोठेही आणि लहानही, आणि आपल्याला कुणी आजी म्हणायच्या आत निवृत्त व्हायचं हे तिनं ठरवून टाकलं होतं. काम म्हणाल तर जुन्या हस्तलिखितांची डागडुजी. खळ शिजवायची, गाळायची. पातळ कागदाच्या पट्ट्या फाडायच्या. कापायच्या नाहीत, फाडायच्या, कारण कापलेली कड पानाला टोचत राहते. कसरीनं खाल्लेली भोकं बुजवायची, एकमेकांना चिकटून बसलेली पानं वाफेवर हळूहळू सोडवायची, आणि दिवसातून निदान एकदा कुणाला तरी सांगायचं की बाबा रे, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नकोस.

हे सगळं ती वडिलांकडून शिकली. अण्णा तिच्या आधी याच टेबलावर बसायचे. त्यांना निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, पण समोरच्या भिंतीवर त्यांच्या हातची चिठ्ठी अजून होती: 'भोक बुजवा, अक्षर बुजवू नका.' म्हणजे पान फाटलं असेल तर कागद जोडा, पण गेलेलं अक्षर आपल्या मनानं लिहू नका. तिथली जागा कोरी ठेवा. वाचणाऱ्याला कळू दे की इथे काहीतरी होतं आणि ते गेलं. या एका वाक्यासाठी लांबलांबची माणसं अण्णांकडे शिकायला यायची. आता ग्रंथालयाची हस्तलिखितं इंटरनेटवर सगळ्यांना खुली होणार होती, तर ग्रंथपालांनी संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर अण्णांचा फोटो आणि खाली हे वाक्य टाकायचं ठरवलं होतं. फोटोतले अण्णा चाळिशीतले होते आणि कुणाचं तरी देणं आठवावं तसे कॅमेऱ्याकडे बघत होते. ताईला तो फोटो फार आवडायचा.

खुलं होणार होतं सोमवारी. आज बुधवार होता.

गेले सात महिने खोलीचा अर्धा भाग कॅमेऱ्यानं खाल्ला होता. कॅमेरा, त्याचे दिवे, पान न दाबता धरणारी पाळण्यासारखी घडवंची, आणि या सगळ्यांबरोबर आलेला कॅमेरेवाला. हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, अखंड बोलणारा गृहस्थ. बोलायचा मुख्यतः यंत्राशी. 'चला राणीसरकार, मान वर,' असं म्हणून बटण दाबायचा. पहिल्या आठवड्यात ताईला वाटलं, याच्या तोंडाला काहीतरी खळ लावून चिकटपट्टी करावी. दुसऱ्या महिन्यापासून तो एखाद्या दिवशी आला नाही तर खोली ओकीबोकी वाटायला लागली.

तो प्रत्येक पानाचे दोन फोटो घ्यायचा. एक साध्या उजेडात आणि एक अशा उजेडात, जो त्याच्या म्हणण्याप्रमाणे 'आपल्या डोळ्यांच्या हद्दीबाहेरचा' होता. त्या उजेडात जुनी, लोखंडाच्या क्षारापासून केलेली तपकिरी शाई विरघळल्यासारखी नाहीशी होते. काजळीची काळी शाई मात्र जशीच्या तशी राहते. त्यामुळे पडद्यावर भरगच्च लिहिलेलं पान यायचं आणि दुसऱ्या क्षणी कोरं व्हायचं. ताई सुरुवातीला दर वेळी वळून, घडवंचीवरचं खरं पान जागेवर आहे ना, ते बघून घ्यायची. मग सवय झाली.

त्या दिवशी घडवंचीवर सुईणीची वही होती. ग्रंथालयातलं हे सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त मागितलं जाणारं पुस्तक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शहरातल्या एका सुईणीनं तीस वर्षं, आपण केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची ओळ त्यात लिहून ठेवली होती. तारीख, घर, वेळ, मूल कसं, आई कशी. एकेका जन्माला एकेक ओळ, त्यापलीकडे शब्दाची उधळण नाही. लोक आपल्या खापरपणज्या शोधायला यायचे आणि डोळे पुसत जायचे.

एकशे सहावं पान आलं. कॅमेरेवाल्यानं राणीसरकारांना मान वर करायला सांगितली. पडद्यावर पान दिसलं, मग पुसलं गेलं. सगळं नाही. खालून चौथ्या ओळीच्या शेवटी दोन शब्द तसेच राहिले, ठणठणीत काळे: 'सुखरूप आहे.'

कॅमेरेवाल्यानं बटणावरचं बोट काढून घेतलं.

ताई उठून जवळ गेली. कोऱ्या पानावर ते दोनच शब्द होते आणि शेजारी काही नसल्यामुळे ते कुणाच्या हातचे हे लपायला जागाच उरली नव्हती. सुईणीच्या वळणाची नक्कल उत्तम होती. पण 'सु'च्या उकारात पेन जरा थबकून मग पुढे जातं, तसं थबकणारा हात तिनं जन्मभर पाहिला होता. सामानाच्या यादीत, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, तिच्या शाळेच्या दाखल्यावरच्या सहीत, आणि आत्ता मान वर केली असती तर समोरच्या भिंतीवर. तिनं मान वर केली नाही.

कॅमेरेवाल्यानं घसा साफ केला. म्हणाला, आपण तर फक्त बटण दाबणारी माणसं. दुसरा फोटो हलला असं लिहून टाकतो. संकेतस्थळावर साधा फोटो गेला की झालं. अशी चारशे पुस्तकं आहेत, कोण बघतंय.

"बघणारी एक आहे," ताई म्हणाली.

कारण ती ओळ तिला तोंडपाठ होती. नोकरीला लागून तिला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा दोन बायका आल्या होत्या. एक पंचेचाळिशीची, शाळेत शिकवणारी, आणि एक तिची पंच्याहत्तरीची आई. ही आई अनाथाश्रमात वाढलेली. तिच्याकडे स्वतःबद्दल दोनच गोष्टी होत्या, जन्माची तारीख आणि घराचा क्रमांक, आश्रमाच्या दाखल्यावरून उतरवून घेतलेल्या. तिला जन्मभर एवढंच हवं होतं: आपली आई आपल्याला जन्म देताना मेली, की आपल्याला ठेवून निघून गेली. अण्णांनी स्वतः वही आणली, उशीवर ठेवली, पान उघडलं. ताई शेजारी पानाची कड धरून उभी होती. म्हातारीनं चष्मा पुसला आणि बोट न टेकवता, हवेत धरून वाचलं: 'पहाटे. मुलगी. नीट रडली. आई सुखरूप आहे.' मग पुन्हा वाचलं. मग लेकीला म्हणाली, "म्हणजे होती," आणि उठून उभी राहिली. आभार मानून गेली, अगदी व्यवस्थित. त्या दिवशी अण्णा डबा न उघडता परत घेऊन आले. ताईला वाटलं होतं, म्हातारीचं त्यांना वाईट वाटलं असेल.

म्हातारी पुढे सहा वर्षांनी वारली. शिक्षिका मात्र दर वर्षी एकदा यायची, ते पान बघायची आणि जायची. आता तीही शहात्तर वर्षांची झाली होती.

ताईनं कॅमेरेवाल्याला फोटो पुसू नकोस आणि पुढे पाठवूही नकोस असं सांगितलं आणि भर दुपारी घरी निघाली. चौतीस वर्षांत ती दुपारी घरी तीनदा गेली असेल, त्यातही दोनदा ताप होता म्हणून. रस्त्यानं चालताना तिला स्वतःचाच राग आला, कारण मनात पहिला विचार त्या म्हातारीचा आला नव्हता. पहिला विचार आला होता, की पहिल्या पानावरचा अण्णांचा फोटो काढून टाकतील. दुसरा विचार आला की सोमवारपर्यंत गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळतंय. मग तिच्या लक्षात आलं की कळलं ते तिच्याच बापाचं होतं.

अण्णा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते, हातात भिंग. पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते, हात थरथरायचे, पण जीभ नाही. तिला दारात बघून म्हणाले, नोकरीवरून काढलं की काय? बरं झालं, आता निदान भाजीत मीठ आठवणीनं घालशील. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि उभ्यानंच सांगितलं की एकशे सहाव्या पानावर काळी शाई सापडली.

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पहिल्या घडीवर नीट अंगठा फिरवून मग दुसरी.

"दोन शब्द ना?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही तिच्यावरची नजर खाली वळवली नाही. ताई रुजू व्हायच्या आधीच्या वर्षी ते पान धुवायला घेतलं होतं. पानाला ओल लागून पिवळे डाग पडले होते, आणि असं पान कोमट पाण्याच्या परातीत घातलं की डाग निघतात. त्याआधी शाईची परीक्षा घ्यायची असते. एका अक्षरावर पाण्याचा थेंब, वर टिपकागद, शाई उठते का बघायची. त्यांनी परीक्षा घेतली. पानाच्या पहिल्याच ओळीवर. ती शाई पक्की निघाली, म्हणून पान पाण्यात सोडलं. पण त्या पहाटे सुईणीची दौत संपत आली असावी. बाई बाळंतपण उरकून लिहायला बसलेली, शाई कुठून आणणार? तिनं उरलेल्या शाईत पाणी घातलं असावं. अण्णांच्या डोळ्यांदेखत त्या ओळीचे शेवटचे दोन शब्द पाण्यात धुरासारखे उठले आणि गेले. पान बाहेर काढेपर्यंत त्या ठिकाणी नुसती जागा होती.

ताईला एकदम आठवलं की तिला शिकवताना अण्णांनी प्रत्येक ओळीची परीक्षा घ्यायला लावली होती. एका पानाला अर्धा दिवस. ती वैतागायची, म्हणायची, अण्णा, तुमचं जरा अतीच असतं. ते पुढच्या ओळीवर थेंब सोडायचे.

धुण्याआधी पान वाचायची त्यांची पद्धत होती, आणि ते वाचलेलं होतं. त्यांना शब्द आठवत होते. संध्याकाळच्या आत पान वाळलं तेव्हाही स्वच्छ आठवत होते. मग त्यांनी काळ्या शाईत थोडा तपकिरी रंग कालवला आणि जागा भरली. दुसऱ्या दिवशी पान तपासायला घेतलं तर त्याच्या लगेच खालच्या ओळीच्या शेवटी तेच शब्द होते: 'आई सुखरूप आहे.'

"तेव्हापासून मला माहीत नाही," अण्णा म्हणाले, "मला वरची ओळ आठवली होती, की खालची."

नकला करणाऱ्या माणसाची ही सगळ्यांत जुनी चूक. डोळा एका ओळीवरून घसरून शेजारच्या ओळीवर जातो. अण्णांनी दुसऱ्यांच्या हस्तलिखितांत ती शेकडो वेळा पकडून दाखवली होती.

ताईनं विचारलं, तेव्हाच सांगायचं नाही का? ते म्हणाले, सांगणारच होतो. आज नको, उद्या सांगू, असं करता करता त्या दोघी आल्या.

"आणि नंतर?"

"त्या येईपर्यंत ती चूक होती," अण्णा म्हणाले. "नंतर नुसती चूक राहिली नाही." मग त्यांनी विचारलं की तुमच्या त्या यंत्राला खालचं काही दिसतं का. ताई म्हणाली, विचारते. ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, मी येतो. आणि सदरा बदलायला उठले. बटणं लावायला त्यांना वेळ लागला. तिनं मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला, मग दोन बटणांनंतर मुकाट्यानं लावून घेतली.

कॅमेरेवाल्यानं अण्णांना खुर्ची दिली आणि शिक्षकासमोर उभं राहावं तसा हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, जांभळ्या दिव्याखाली बघू. शाई धुऊन गेली तरी तिच्यातलं लोखंड कागदात थोडंफार मुरलेलं असतं. त्या उजेडात कागद चमकतो आणि लोखंड मुरलेली जागा काळवंडलेली दिसते. अडचण एकच, वरची नवी शाईही काळीच दिसणार. ती वजा करावी लागेल.

त्याला त्यासाठी तास लागला. खोलीतले दिवे बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, वही निळसर जांभळ्या उजेडात तरंगत असल्यासारखी. एकदाही तो राणीसरकार म्हणाला नाही. पडद्यावर त्यानं एक फोटो दुसऱ्यावर ठेवला, सरकवला, पुन्हा सरकवला, आणि 'सुखरूप आहे' हळूहळू फिकट होत गेलं. त्याच्या खालून तुटक, डागांसारख्या रेघा वर आल्या. काही ठिकाणी रेघ नव्हतीच. ताईनं पडद्याला नाक लावलं. आधी तिला शेवटचा शब्द लागला, मग त्याच्या आधीचा.

अण्णांना तेवढ्या अंतरावरून काही दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय आहे?"

ती पुन्हा पहिल्या शब्दापासून बघू लागली.

"वाच गं."

"पहाटे. मुलगी. नीट रडली." तिनं बोट पडद्यावर पुढे सरकवलं. "आई पाजून वारली."

अण्णा म्हणाले, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. त्यांनी मान हलवली. डोळ्याला रुमाल लावला नाही, काही नाही. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले, आणि ते हात जे एरवी थांबायचं नाव घेत नसत, ते थांबलेले होते. ताईला ते बघवेना. तिनं उठून दिवे लावले.

ग्रंथपालांना त्याच संध्याकाळी सांगितलं. हे ग्रंथपाल ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान, कामसू, आणि माणूस वाईट नाही, पण सोमवारच्या पाहुण्यांनी त्यांची झोप उडवलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला. मग सुचवलं की तूर्तास सुईणीची वही मागे ठेवू. समारंभ होऊन जाऊ दे, मग शांतपणे खुलासा करू. अण्णांचं नाव, फोटो, सगळं छापून झालंय. आणि इतक्या वर्षांनी एखाद्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर एका ओळीमुळे बोट ठेवायचं म्हणजे, आणि ते बोलायचे थांबले, कारण तो माणूस समोरच बसला होता.

अण्णा म्हणाले, "वाक्य राहू द्या पहिल्या पानावर. वाक्य बरोबर आहे. फोटो काढा."

ग्रंथपालांनी पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाले, फोटोचं नंतर बघू, आधी त्या बाईंना कळायला हवं. संकेतस्थळावर वाचून कळता कामा नये. आणि दुसऱ्या कुणावर न ढकलता त्यांनी स्वतः फोन लावला. ताईला त्या क्षणी ते जरा उंच झाल्यासारखे वाटले.

शिक्षिका शुक्रवारी सकाळी आल्या. हातात काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा दाखवायला जास्त वापरत. आल्या आल्या दारातल्या नोंदवहीत कालची तारीख पडली आहे हे काठीनं दाखवून ती दुरुस्त करून घेतली. खोलीत अण्णांना बघून त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, अहो, तुम्ही आहात का अजून, मला वाटलं आता फक्त मीच उरलेय. अण्णा उठून उभे राहिले आणि उभेच राहिले.

ताईनं ठरवलं होतं की आपण सांगायचं, अण्णांनी फक्त बसायचं. तिनं घरी तालीमसुद्धा केली होती. पण तिनं तोंड उघडायच्या आत अण्णांनी सांगायला सुरुवात केली. परात, पाणी, परीक्षा, पहिली ओळ. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. शिक्षिकांनी मधे एकदाही अडवलं नाही. त्यांचा चेहरा, आपण प्रश्नपत्रिका वाचतोय आणि प्रश्न कळत नाहीये, असा होता. मग कॅमेरेवाल्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि त्यांनी चष्मा वर सरकवून, डोळे बारीक करून वाचलं. त्यांच्या आईनं वाचलं होतं तसंच, बोट हवेत धरून.

मग त्यांनी बोट खाली घेतलं.

"आई लहानपणापासून एक वाक्य म्हणायची," शिक्षिका अखेर म्हणाल्या. पडद्याकडेच बघत होत्या. "आई असती तर मला न्यायला आली असती. आश्रमात असताना म्हणायची. लग्न झाल्यावर म्हणायची, आम्हाला वाढवताना म्हणायची. हसत म्हणायची, काही दुखत नसल्यासारखं. इथून गेलो त्या दिवसापासून सहा वर्षं तिनं ते एकदाही म्हटलं नाही."

मग त्या अण्णांकडे वळल्या.

"तुम्ही त्या दिवशी इथे होतात. समोर."

"हो."

"तिनं दोनदा वाचलं."

"हो."

"तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

ताईला वाटत होतं आता काहीतरी होईल, त्या रडतील, काठी आपटतील, निघून जातील. तसं काही झालं नाही. अण्णांनी माफी मागितली, एका वाक्यात. शिक्षिका म्हणाल्या की माफ करायचं ते आईनं, आणि तिनं मला त्याचा अधिकार देऊन ठेवलेला नाही. मग म्हणाल्या, बसा आता, पाय दुखत असतील. अण्णा बसले.

शिक्षिकांनी ताईला विचारलं की पाजून वारली म्हणजे किती वेळ मिळाला असेल. ताई म्हणाली, तास, दोन तास, कुणास ठाऊक. सुईण प्रत्येक ओळीत इतकंच लिहिते. पण तिनं ते पाजल्याचं लिहिलं, एरवी ती पाजल्याचं लिहीत नाही. ताईनं काल बसून वहीतली सगळी पानं बघितली होती. एकवीस बायका वारल्या होत्या. पाजून, असं एकीच्याच पुढे होतं.

शिक्षिकांनी मान हलवली. तेव्हा मात्र त्यांनी पिशवीतून रुमाल काढला.

अण्णांनी विचारलं, माझे शब्द खरवडून काढू का. ताईकडून काढून घेतो, तिचा हात चांगला आहे. त्यावर ताईच नको म्हणाली. खरवडलं तर खालचं जे राहिलंय तेही जाईल, आणि जे झालं ते पानावर आहे, त्याचा पुरावाही पानावरच राहायला हवा. तिन्ही फोटो ठेवायचे. साधा, काळ्या शाईचा, आणि जांभळ्या उजेडातला. कुणीही एकावरून दुसऱ्यावर जाऊन बघेल. आणि सोबत टिपण जोडायचं. टिपण तिनं लिहूनच आणलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं: दुरुस्तीच्या वेळी या ओळीतले दोन मूळ शब्द धुतले गेले व त्या जागी नंतर वेगळे शब्द लिहिले गेले, असं तपासणीत आढळलं आहे.

अण्णांनी मान वर केली. "आपोआप धुतले गेले काय गं? पाऊस आला होता खोलीत? कुणी धुतले ते लिही. कुणी लिहिले ते लिही. पूर्ण नाव घाल."

ती संगणकापुढे बसली. तिला टायपिंग दोन बोटांनीच यायचं. तिनं वडिलांचं पूर्ण नाव घातलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. वर्ष घातलं. कोणत्या ओळीवर परीक्षा घेतली आणि कोणत्यांवर नाही, तेही घातलं, कारण ते कामाचं होतं. उद्या दुसरा कुणी पान पाण्यात सोडायच्या आधी वाचेल. नाव लिहिताना तिच्या मनात आलं की आपण पहिल्यांदा गिरवलं ते नावही हेच असेल. तो विचार तिनं तिथेच ठेवला आणि पुढचं लिहिलं.

शिक्षिका मागून वाचत होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण वाचू शकेल? कॅमेरेवाला म्हणाला, सोमवारपासून कुणीही, कुठूनही.

"मग माझंही लिहा," त्या म्हणाल्या. काठी खुर्चीला टेकवली, सरळ उभ्या राहिल्या आणि चाळीस वर्षं वर्गाला शुद्धलेखन घातलं तशा सावकाश, शब्द सुटा करून सांगू लागल्या. "या ओळीत जिच्या जन्माची नोंद आहे, ती मुलगी पंच्याहत्तराव्या वर्षी इथे आली होती. तिनं हे पान स्वतः वाचलं. तिला खोटं वाचायला मिळालं."

ताईची बोटं 'खोटं' या शब्दापाशी थांबली. तिनं मागे वळून बघितलं नाही. तिला ठाऊक होतं, अण्णा तिच्या पाठीकडे बघत आहेत.

"थांबलीस का?" अण्णा म्हणाले. "बरोबर सांगतायत त्या. लिही."

तिनं लिहिलं. शिक्षिकांनी पडद्यावर वाकून एकदा सगळं वाचलं आणि विचारलं, अजून एक ओळ बसेल का? ताई म्हणाली, कितीही बसतील, इथे जागेची काही टंचाई नाही.

खुर्चीला टेकवलेली काठी त्यांनी उचलून हातात घेतली. मग त्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं, जे आश्रमानं ठेवलं होतं. सुईणीच्या ओळीत फक्त 'मुलगी' एवढंच होतं. ताईनं ते नाव टिपणाच्या शेवटी लिहिलं आणि अक्षर न अक्षर बरोबर आहे का, हे त्यांच्याकडून दोनदा तपासून घेतलं.